मागे वडीलधारं माणूस हवं

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा. चहा तेवढा आधी खाली ठेवा, ठसका लागेल.

रस्ता सुरक्षा हा विषय परदेशात शिकून मी गावी परतलो. दिंद्रुडच्या अलीकडचं आमचं गाव. घरात पाऊल ठेवतो तर चुलतभाऊ बाळू खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये! मोटारसायकलवर मागे मित्र लादले होते. ते म्हणाले "हाण बे!" आणि यानं हाणली.

माझं रक्त उसळलं. संशोधन सांगतं, मागे मित्र असले की पोरं सुसाट सुटतात. वडीलधारं कुणी असलं की जपून चालवतात. झालं! ग्रामसभेत आलेख दाखवले आणि ठराव मांडला: पंचविशीच्या आतल्या पोरानं मागे वडीलधारं माणूस बसवल्याशिवाय गाडी काढायची नाही. ठराव जोरात मंजूर! सगळ्यात मोठ्यानं म्हातारे ओरडत होते, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

तालुक्याचे साहेब म्हणाले, "तुमच्याकडं जमलं तर साऱ्या तालुक्यात लावू." ते पाहायला आले त्या दिवशी मी स्वतःच गाडी काढली. मीही पंचविशीच्या आतलाच की! डोक्याला हेल्मेट, मागे माझे चुलते नाना, पुढे रस्त्याच्या कडेला साहेब. वेग असा, की बैलगाडीनं हॉर्न द्यावा.

तेवढ्यात शेजारून एक मोटारसायकल पुढे गेली. मागे भावकीतले आण्णा. त्यांचं आणि नानांचं मानापानावरून बोलणं बंद. आण्णांनी वळून पाहिलं आणि नुसते हसले.

"आरं, त्यो मोरं गेला की!" नाना कडाडले.

"जाऊ द्या नाना. दमानं."

"जत्रंत मान आपला पयला, अन् रस्त्यावर आपुन मागं? कावून? हाण!"

"नाना, संशोधन सांगतंय…"

"संशोधनाला आण्णा ठावं हाय का? हाण बे!"

आता बोला! जगभर मित्रांची चिथावणी मोजली होती; मागे बसलेल्या माणसाचा मान कुणी मोजलाच नव्हता. आणि खरं सांगू? आण्णांचं ते हसू मलाही झोंबलं होतं.

हाणली! आण्णा मागे पडले, साहेब मागे पडले, वळणसुद्धा मागे पडलं. आम्ही थेट कापसात!

नाना उठले, धोतर झटकलं. "पन मोरं काढली का न्हाई?"

साहेब धावत आले. मी पऱ्हाटीतूनच म्हणालो, "सर, नियमाप्रमाणे वडीलधारी व्यक्ती मागे होती."

पुढच्या ग्रामसभेत सरपंचबाई माझ्याकडे बोट करत उभ्या राहिल्या. "पुरावा बघूनच नेम करावा, आसं ह्यांनीच शिकवलं. नेम लावल्यापून अपघात कुनी केला? ह्यांनीच. दुसऱ्या कुनी? न्हाई. मंग पोरांवरचा नेम काढा, अन् ह्यांची चावी घ्या."

मी ठरावात खोट शोधायला बसलो. सापडेना! इतका शुद्ध, पुराव्यावर आधारलेला ठराव मला परदेशातही कधी दिसला नव्हता. शेवटी ठरावाच्या बाजूनं हात वर केला.