लिव्हरला अठरा पुरतात

बंगळूरच्या चामराजपेटेतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी काम करते. मागच्या वर्षी तिथे वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, दारू पिण्याचं कायदेशीर वय आणि सज्ञान होण्याचं वय एकच असावं का. सभागृह रिकामं दिसायला लागलं म्हणून आम्हा ऑफिसवाल्यांनाही आणून मागच्या बाकांवर बसवलं. एक मुलगा फार तावातावाने बोलला. अठराव्या वर्षी मत देता येतं, गाडी चालवता येते, मुलीला लग्न करता येतं, गुन्हा केला तर मोठ्यांच्या तुरुंगात जाता येतं, मग बिअरच्या एका ग्लासासाठी एकविसापर्यंत का थांबायचं? पोरांनी बाकं वाजवली. पण त्याने मोजलेल्यात एक गोष्ट राहून गेली होती. अठराव्या वर्षी स्वतःच्या लिव्हरचा तुकडा काढून देता येतो. तो आधी देऊन टाकावा आणि उरलेल्यावर काय प्यायचं ते एकविसाव्या वर्षी बघावं, असं हे सगळं मिळून होतं.

माझ्या नवऱ्याचं इथल्याच शिवाजीनगरला छोटं वर्कशॉप होतं. पंपाच्या जळालेल्या मोटारींना तो नवी तार गुंडाळून द्यायचा. समोर मी त्याला अहो म्हणायचे. लिहिताना एकेरी येतंय, येऊ दे. आता त्याला राग यायचा नाही.

मी मिरजेची. त्याच्या घरच्या कित्येक पिढ्या बंगळूरात गेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. लग्न होऊन आले तेव्हा मला त्यातला ‘स्वल्प’ हा शब्द फार गोड वाटला होता. स्वल्प मीठ, स्वल्प सरकून बस. मग संध्याकाळी वर्कशॉपवरून आल्यावर ‘स्वल्पच घेतलीय’ हे रोज ऐकू यायला लागलं आणि गोडवा संपला. आपल्या मराठीत निदान स्वल्पविराम असतो, ह्याच्या स्वल्पाला विराम नव्हता. तो मारहाण करायचा नाही, शिव्या द्यायचा नाही. जेवणाच्या वेळी बसल्या बसल्या पेंगायचा आणि सकाळी काहीच झालं नाही असा वागायचा. असल्या माणसाविरुद्ध तक्रार तरी काय करायची? माहेरी सांगितलं तर म्हणायचे, मारत तर नाही ना.

आम्हाला एकच मुलगी. बी.कॉम. करता करता ती बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून जायला लागली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. एकदा ऑफिसातल्या सगळ्यांना वरिष्ठांनी गच्चीवरच्या पबमध्ये नेलं. दारावरच्या माणसाने आधार कार्ड बघून हिला खालीच थांबवलं. मग कुणीतरी दया येऊन कागदी कपातून बिअर खाली आणून दिली, आणि पार्किंगच्या पायरीवर बसून हिने ती अर्धी प्यायली. हे आम्हाला तिनेच जेवताना सांगितलं. लपवायची तिला सवयच नव्हती. कडू होती, आवडली नाही, असंही म्हणाली.

नवऱ्याने हातातला पेला खाली ठेवला. त्यात काय होतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

“कायदा एकवीस म्हणतो,” तो म्हणाला. “तू अजून लहान आहेस.”

ती म्हणाली, “सरी, अप्पा.” बरं, एवढंच. आणि मला हसू फुटलं. आवरायला हवं होतं, पण नाही आवरलं. त्या हसण्याचा राग त्याने तिच्यावर काढला आणि तिचं बेळ्ळंदूरला जाणं बंद केलं. दोन-दोन बस बदलून आनंदाने जायची पोरगी. तिने वाद घातला नाही, पण त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

वर्ष सरायच्या आत त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलं आहे, दुसरं बसवल्याशिवाय मार्ग नाही, आणि आधी दारू पूर्ण सुटली पाहिजे. त्याने सोडली. माझ्या इतक्या वर्षांच्या रडण्या-ओरडण्याने जी सुटली नाही ती डॉक्टरांच्या एका वाक्याने सुटली, ह्याचाही मला राग आला. आजारी माणसाचा राग करू नये म्हणतात. मी केला, औषधं वेळेवर देत केला.

आता लिव्हर द्यायचं कुणी? माझा रक्तगट जुळत नव्हता. त्याच्या थोरल्या बहिणीला, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, मधुमेह. मृत माणसाचं मिळण्याची यादी लांबलचक. राहिली मुलगी. तिला कुणी विचारायचं हे घरात ठरेना, तेव्हा एका सकाळी त्यानेच तिला खाटेजवळ बसवलं आणि म्हणाला, “तू आता मोठी झालीस. तुझं तू ठरव.”

मागायची यापेक्षा चतुर तऱ्हा मी पाहिलेली नाही. मला ते नको होतं. नवरा जगावा असं मनापासून वाटत होतं, देवापुढे बसून तेच मागत होते, पण तिच्या पोटावर चीर पडून तो जगावा असं वाटत नव्हतं. हे बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर ‘मरू दे त्याला’ असाच अर्थ झाला असता. म्हणून मी मुलीला काहीच म्हटलं नाही. ती म्हणाली, देते.

तपासण्या झाल्या. मग हॉस्पिटलात एक दिवस समितीपुढे बोलावलं. मी तिच्याबरोबर आत जायला निघाले तर तिथल्या समुपदेशक बाईंनी दारातच थांबवलं. “अवरु वयस्करु,” त्या कन्नडमधून म्हणाल्या, “अवरे हेळबेकु.” त्या सज्ञान आहेत, त्यांचं त्यांनीच सांगायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. पण माझे कान मिरजेचे. मराठीत वयस्क म्हणजे उतारवयाला लागलेला. क्षणभर मला वाटलं, बाई माझ्याविषयी बोलतायत, आणि वयस्क म्हटल्याचं वाईटही वाटलं. तोवर मुलगी आत गेली आणि दार लागलं.

बाहेरच्या खुर्चीवर बसून मी तो शब्द घोळवत राहिले. सज्ञान म्हणजे ज्याला कळतं तो. काय कळतं, हे त्या शब्दात कुठेच नाही. बिअर प्यायची अक्कल एकोणिसाव्या वर्षी नसते आणि बापाच्या जिवाचा निवाडा करायची असते, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. दोन्ही वयं एक करायची तर करा. खालचं वर न्यायचं की वरचं खाली आणायचं, ते मात्र मला विचारू नका. एकवीस धरलं असतं तर ती त्या दाराआड गेलीच नसती, आणि मग नवऱ्यासाठी काहीच उरलं नसतं.

काही दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, हिचं लिव्हर देण्याजोगं नाही, तिच्या जिवाला धोका होईल. नवऱ्याने मुलीचा हात धरला आणि म्हणाला, तू तयार झालीस यातच मला सगळं मिळालं.

त्याच आठवड्यात गच्चीवर वाळत टाकलेले कपडे काढताना मुलगी मला म्हणाली, “आई, माझं सगळं जुळत होतं. आत त्यांनी मला एकटीला विचारलं, मनापासून तयार आहेस का. मी नाही म्हटलं.” नको असेल तर खरं कारण आम्ही कुणाला सांगत नाही, असं तिथेच तिला सांगितलं होतं.

आधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्यापाठोपाठ तिचाच भयंकर राग आला, एवढंसं दिलं असतं तर काय बिघडलं असतं असा. ज्या मला ते नको होतं त्याच मला. मी विचारलं, घाबरलीस का? ती म्हणाली, “नाही. मी दिलं असतं आणि अप्पांनी परत पेला भरला असता, तर मग मला त्यांच्याकडे बघताच आलं नसतं.” चादरीची दोन टोकं तिने धरली, दोन मी.

पुढचे महिने वाईट गेले. भेटायला येईल त्या प्रत्येकाला नवरा सांगायचा, पोरगी कापून द्यायला तयार होती, डॉक्टरच नको म्हणाले. सांगताना त्याचा वाळलेला चेहरा फुलायचा. माणसं तिच्याकडे वळून बघायची, आणि ती कॉफीचा ट्रे घेऊन उभी असायची. तिचं जेवण कमी झालं. एक दिवस मला म्हणाली, मी त्यांना सांगणार. मी म्हटलं, आता कशाला, थोडे दिवस राहिलेत. ती म्हणाली, म्हणूनच.

ती त्याच्या खोलीत गेली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. भिंत एकच, सगळं ऐकू आलं. तिने मला सांगितलं तेच त्याला सांगितलं, पेल्याचंसुद्धा. मी आत गेले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि ती त्याचे पाय चेपत होती. रात्री त्याने जेवण नको म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तिच्याशी बोलला नाही. मला वाटलं, पोरीने उरलेलाही बाप गमावला.

चार दिवसांनी अक्का आल्या. त्या तोंडाच्या फटकळ. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मुलीसमोरच विचारलं, एवढी धडधाकट पोरगी, हिचं लिव्हर का चालत नाही म्हणे? नक्की हिनेच माघार घेतली नाही ना? मुलीने तोंड उघडलं. सांगूनच टाकणार होती ती, मी ओळखते तिला. त्याआधी नवरा उशीवर कोपर टेकून अर्धवट उठला.

“पोरगी तयार होती, अक्का,” तो म्हणाला. “डॉक्टरच नको म्हणाले.”

दम लागला तरी पुढे धोका कसा होता, डॉक्टर काय म्हणाले, तेही त्याने सविस्तर सांगितलं, एकदाही न अडखळता. अक्कांनी मुलीला जवळ घेतलं. ती त्यांच्या खांद्यावरून बापाकडे बघत होती आणि तो तिच्याकडे.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. मी त्याला माफ केलं असं नाही, तेवढा वेळ झाला नाही. तेराव्याला अक्कांनी सगळ्यांदेखत मला परत तेच विचारलं, डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते ग? मुलगी पंगतीत वाढत होती, हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, पोरगी तयार होती, डॉक्टरच नको म्हणाले. पण त्याच्यासारखं मला सांगता आलं नाही.