चांदीविना गायगोधन

त्या वर्षी दिवाळीत मी देवाशी कडाडून भांडले. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. ऐन सणात आमची चांदी हरवली. माझ्या माहेरून बोरगावला आलेली ही गाय, पहिलंच वेत आणि दिवस भरलेले. गायगोधनाला नवे गोंडे बांधायचे म्हणून आमच्या ह्यांनी तिच्या गळ्यातली घंटी आधीच काढून ठेवली, आणि नेमकी त्याच दिवशी ती रानात कळपातून मागे राहिली. आता शोधायचं कशाच्या आवाजावर? संत्र्याचे बगीचे, कपाशीची शेतं, नाले, सारं पालथं घातलं. कठडा नसलेल्या विहिरींतही वाकून वाकून पाहिलं. एकटीच कुठे अडून पडली असेल, या विचाराने घास उतरेना. देवघरासमोर जाऊन मी बजावलं, "गाय आणून दे, नाहीतर दिवा लावणार नाही."

पाडव्याला गायगोधन. थंडी पडू लागलेली. गावाबाहेर गुरं जमतात त्या आखरावर शेणाचा गोवर्धन करतात, सजवलेल्या गाई त्यावरून नेतात, आणि वर्षभर गुरं चारणाऱ्या गायक्याला त्या एका दिवशी घरोघरचा मान मिळतो, धान्य आणि नवा दुपट्टा. मी मात्र चुलीपाशीच बसले.

"काहून बसून राहिली वं?" सासूबाई म्हणाल्या.

"कोणती गाय नेऊ मी?" मी फणकारले.

"गोधन काय एकट्या तुह्या गाईचं आहे? चाल, सगळ्याईच्या गाईले ओवाळ."

गेले. शेजारणीच्या गाईला ओवाळताना रडू फुटलं. इतके दिवस देवाला हुकूम सोडत होते, त्या घटकेला एकही सुचेना. "आता तूच पाह्य बाबा," एवढंच म्हटलं. खरं सांगते, गाय नव्हती तरी जीव हलका झाला.

तेवढ्यात शेतांकडून येणाऱ्या पांदणीतून एक अनोळखी माणूस येताना दिसला. पुढे चांदी! शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूची माळ. "अगं माझी माय!" म्हणत मी धावले आणि तिच्या मानेला मिठीच मारली.

तो नाल्यापलीकडच्या गावचा गायकी होता. चांदी त्याच्या कळपात मिसळली होती. संध्याकाळी गाई आपापल्या घरी गेल्या की ही एकटीच त्यांच्या आखरावर उरायची, म्हणून तो तिला बांधून ठेवायचा.

"हिले सजवाले कोणी नाई, मंग मीच सजवलं," तो म्हणाला. "दिवस भरले हिचे. घरीच व्याली पाह्यजे ना! मोकळी सोडली अन् मांगं मांगं आलो."

"अन् तुमचा आजचा मान?" ह्यांनी विचारलं.

"भेटन पुढच्या साली."

आमच्या गायक्याने स्वतःच्या खांद्यावरचा नवा दुपट्टा काढून त्याच्या खांद्यावर घातला.

दुपारी चांदी व्यायला लागली आणि अडली. वासराचा पाय दुमडला होता. मी दाराशी जप करत उभी. तो माणूस उपाशीपोटी गोठ्यात बसून तिच्याशी हळू हळू बोलत होता, जपून पाय सरळ करत होता. कालवड झाली. चांदी तिला चाटू लागली तेव्हा कुठे माझा जप थांबला.

देवाला अजून नैवेद्य दाखवायचा होता. सासूबाईंनी पहिलं वाढलेलं ताट त्या गायक्यासमोर ठेवलं. एरवी मी नक्की टोकलं असतं. त्या दिवशी हात जोडले आणि पाण्याचा तांब्या भरून आणला.