बाहीचे हातमोजे

क्रांतीने जालिंदरमामांना पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्याच लग्नात. आष्ट्यातलं मंगल कार्यालय, मे महिन्यातली दुपार, आणि वऱ्हाडातला एक उंच, सडसडीत माणूस लोकरीचे हातमोजे घालून अक्षता टाकत होता. मोज्यांना बोटं नव्हती. हिरवट लोकरीतून बोटांची टोकं तेवढी बाहेर आलेली, आणि त्या चिमटीतून तांदूळ नेमके नवरानवरीच्या डोक्यावर पडत होते.

क्रांतीच्या धाकट्या मावशीला राहवेना. "आवं पाव्हणं, आष्ट्यात बरफ पडतुय व्हय?"

"बरफ न्हाई ताई, पर तुमचा कूलर काय कमी हाय? हात लय ठणकत्यात गार वाऱ्यानं," असं म्हणून तेच आधी हसले.

सासरी आल्यावर कळलं की ते शेजारचेच. फौजेतून निवृत्त झालेले, आता गावातल्या स्ट्रॉबेरीचे क्रेट स्वतःच्या पिकअपमधून पुण्याच्या बाजारात पोचवणारे.

क्रांतीचं माहेर उसाचं. पण भाऊ असताना पोरीला शेतात काय काम, म्हणून तिला कधी कुणी बांधावर उभं केलं नाही. पाचगणीजवळच्या या घरात स्ट्रॉबेरी बायकाच बघतात, असं कळल्यावर तिने स्थळाला होकार दिला होता. नवरा रविराज तिला चिडवायचा, "तू माझ्याशी न्हाई, वाफ्याशी लगीन लावलंस."

डिसेंबर उजाडला आणि तोडणी सुरू झाली. दवाने भिजलेल्या पानांत उजाडता उजाडता हात घालायचा, फळाला न धरता देठ नखाच्या चिमटीत घेऊन खुडायचा. आठवडाभरात क्रांतीची बोटं लाल होऊन सुजली. वाफ्यातून उठली की ती धावत चुलीकडे जाई आणि गार हात थेट जाळावर धरी. माहेरी गुऱ्हाळावर सगळे तसंच करायचे. दुपारी बोटांना अशी खाज सुटे की डोळ्यांत पाणी यावं. शेवटी तिने वाईच्या बाजारातून जाड, बोटंवाले हातमोजे आणले. पण मोज्यात नख चालेना. देठ खुडला जायच्या ऐवजी फळ ओढलं जाऊ लागलं, आणि फळावरची हिरवी टोपी झाडालाच राहू लागली.

सासूबाई विजयमाला यांनी क्रेटमध्ये डोकावून कपाळाला हात लावला. "ही बोडकी फळं कोन घेनार गं? जॅमच्या कारखान्याला जातील आता."

"आत्या, हात वळंनात माझं."

"दिसतंय की. बोटं न्हवं, गाजरं झाल्यात." त्यांचा आवाज मग मऊ झाला. "ऱ्हाऊ दे. सोमवारी कवठे महांकाळच्या बायका येत्यात तोडणीला. तू आपली घरातलं बघ."

रागावल्या असत्या तर क्रांतीला एवढं लागलं नसतं. इतक्या मायेने शेताबाहेर काढल्यावर भांडायचं तरी कुणाशी? ती पाठ फिरवून रिकामे क्रेट रचू लागली.

जालिंदरमामा गाडी भरता भरता ऐकत होते. "वैनी, सोमवारपतुर दम धरा की," ते म्हणाले आणि क्रांतीकडे वळले. "पोरी, हात दाव. चुलीवर धरतीस न्हवं?"

"व्हय."

"वाटलंच. तितं तुमच्या आष्ट्याकडं चालतं गं. हितं गारठ्यातला हात जाळावर धरला की बोट फुगतं. आदी काखंत घालायचा. जरा ऊब धरली, की मग चुलीकडं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यापुढे एक जोड ठेवला. फौजी स्वेटरच्या बाह्या कोपरापासून कापलेल्या, अंगठ्यासाठी चीर, आणि चिरेच्या कडेने बारीक, एकसारखी शिवण. क्रांतीने हात घातला. मनगट, तळवा झाकला गेला. बोटांची टोकं मोकळी. नख चाललं. एक देठ खुडून झाला, दुसरा झाला, आणि ओळ कधी संपली ते तिला कळलंच नाही. मध्येच हात काखेत घालून ती उभी राही, तेव्हा रविराज लांबून ओरडे, "काय गं, फोटो काढायचाय व्हय?"

सोमवारी कवठे महांकाळच्या बायका आल्या, तेव्हा क्रांती त्यांच्या शेजारच्या ओळीत होती. विजयमाला तिच्या क्रेटपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. एकेक टोपी बघितली. मग म्हणाल्या, "उद्या वरच्या तुकड्यापास्नं धर." त्यानंतर घरात बसण्याचा विषय निघाला नाही.

मामांची गोष्ट क्रांतीला पुढे गाडी भरताना तुकड्यातुकड्यांनी कळली. ते बर्फातल्या चौकीवर लंगरात स्वयंपाकी होते. जाड मोज्यांनी कणीक मळता येईना, म्हणून त्यांनी नव्याकोऱ्या जोडाची बोटंच कापली. सरकारी माल नासवला म्हणून शिक्षा भोगली. "शिक्षा झाली ती झाली, वर थंडीनं हे बी खाल्लं," म्हणत त्यांनी डावी करंगळी दाखवली. तिचं टोकाचं पेर नव्हतं. "तवा कळलं, बोटं उघडी ठेवायची ती कामापुरतीच."

गावात आधी बायका तळव्याला चिंध्या गुंडाळायच्या. मग पायमोज्यांची टोकं कापून हातात घालू लागल्या. ते दवात भिजून लोंबायचे. स्वेटरची बाही मामांनी आणली, ती क्रांतीच्या त्या जोडापासून. तोडणीवाल्यांना कोपरापर्यंत लांब, गाडी चालवणाऱ्यांना तळव्याला जुन्या पिशवीचं चामडं लावलेली, आणि शाळेच्या पोरांना टोकावर झाकण शिवलेली, लिहून झालं की बोटांवर ओढून घ्यायला.

उपकार फेडायला गेलं की मामा विषय बदलत. क्रांतीने मग वेगळीच वाट धरली. आष्ट्याच्या बाजूला फौजेतल्या माणसांची घरं पुष्कळ. तिने आईला आणि त्याच थट्टेखोर मावशीला कामाला लावलं. पुढच्या दिवाळीला ती माहेराहून आली ती जुन्या स्वेटरांचं पोतं घेऊन. मामांनी पोत्यात हात घालून लोकर चाचपली आणि म्हणाले, "आगं, एवढ्यात तर आख्खी पलटन झाकंल!" मग टोपी काढून पोत्यापाशीच बसले आणि एकेक बाही उलगडून बघू लागले.

यंदा कवठे महांकाळच्या बायका परत जाताना द्राक्षबागेच्या कामासाठी जोड घेऊन गेल्या. आता जालिंदरमामा पिकअप चालवत नाहीत; ती त्यांचा मुलगा प्रबुद्ध चालवतो. मामा दुपारी क्रांतीच्या शेतावरच्या शेडमध्ये बसून बाह्या कापतात. नजर कमी झाल्यामुळे शिवण विजयमाला घालतात.