फक्कीची रेघ

विद्यापीठाचं मैदान उद्यापासून पार्किंगला जाणार होतं आणि आमचे क्रीडा संचालक आजच निवृत्त होत होते. तरी सकाळी सर धावपट्टीवर फक्की मारत होते. मी विरोधाचं निवेदन घेऊन गेले.

“सर, सही हवीय.”

“आधी दोरीचं टोक धर. सैल सोडू नकोस.”

दुसरं टोक खुंटीला बांधलेलं होतं. मी हातातलं ताणून धरलं.

“उद्या यावरून गाड्या जातील, सर.”

“आज पोरी धावणार आहेत ना?”

मला त्यांच्या शांतपणाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. संध्याकाळपर्यंत पुसली जाणारी रेघ या माणसाने तीस वर्षं रोज सरळ आखली होती.

सरांनी सही केली. निवेदनावर फक्कीचा पांढरा अंगठा उमटला. मग रेघेवर पाय पडू न देता, लांबून वळसा घालून ते निघून गेले. दोरी माझ्या हातात ताठच होती.