कपाटामागची जागा

डिलाईल रोडच्या चाळीत जाईबाईंच्या खोलीचं दार दिवसभर उघडं असायचं. जाता-येता कुणीही डोकावायचं, उंबऱ्याशी बसून भाजी निवडायचं. नवऱ्याच्या माघारी कागदी पिशव्या चिकटवून त्यांनी गौतमला शिकवलं होतं. आता तो लोअर परळला एका ऑफिसात होता, घरून पायी जाता येईल इतक्या जवळ.

एकदा मोरीत त्यांना चक्कर आली आणि गौतम धास्तावला. त्यानं भिंतीवर कॅमेरा लावला. मोबाईलवर खोली दिसायची, बोलताही यायचं.

"आई, गोळी घेतलीस?" भिंतीवरून आवाज यायचा. सुरुवातीला जाईबाईंना कौतुक वाटलं. गोळीचं रिकामं पाकीट त्या कॅमेऱ्यासमोर हलवून दाखवायच्या.

मग आवाज वाढत गेला. "आई, चहात साखर किती घालतेस?" "आई, अजून झोपली नाहीस?" शेजारची मनू एका दुपारी सुनेची तक्रार सांगत होती. मधेच भिंत बोलली, "मनूमावशी, आईला जरा पडू दे."

मनू उठून गेली ती परत आली नाही. इथलं बोलणं तिकडं ऐकू जातं, हे मजल्यावर पसरलं. उंबऱ्याशी कुणी बसेना. जाईबाई दाराला आतून कडी घालू लागल्या.

संध्याकाळी गौतम आला की जेवायचा आणि मोबाईल घेऊन बसायचा. आईला काही विचारायचा नाही. तिचा सगळा दिवस त्यानं बघितलेला असायचा.

"गौतम, काढ तो कॅमेरा," नुकतीच कामावरून परतलेली बायको ललिता म्हणाली. "आई हल्ली बोलतच नाहीत."

"तिच्यासाठीच लावलाय ना?"

पुढे जाईबाईंना कपाटामागची चिंचोळी जागा सापडली. कॅमेरा तिथं पोचत नव्हता. दुपारभर त्या तिथंच बसून राहायच्या. गौतम ओरडायचा, "पुढं ये गं, दिसत नाहीस." त्या हलायच्या नाहीत.

त्या दिवशी मीटिंगला जाताना त्यानं मोबाईल उघडला. कॉट रिकामी. जमिनीवर स्टीलचा पेला आडवा पडला होता आणि कपाटाच्या कडेला आईचं पाऊल दिसत होतं.

"आई, पेला उचल. कुणाचा पाय पडेल."

उत्तर नाही. रुसली असेल, असं म्हणत त्यानं मोबाईल खिशात टाकला.

मीटिंग लांबली. बाहेर आल्यावर त्यानं परत बघितलं. पेला तिथंच होता. पाऊलही तसंच, जराही न हललेलं.

"आई? आई!"

त्यानं शेजारच्या कुशाबांना फोन केला आणि धावत सुटला. मोबाईल हातात सुरूच होता. धावतानाच त्याला कडी तुटताना दिसली, कुशाबा कपाटामागं वाकलेले दिसले. त्यांचं बोलणंही ऐकू आलं. "जाईअक्का, ओ जाईअक्का... अंग गार पडलंय हो हिचं."

जाईबाई वाचल्या. उजवी बाजू आणि वाचा मात्र गेली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "लवकर आणायला हवं होतं."

गौतमनं कॅमेरा उखडून टाकला, बिनपगारी रजा घेतली. मनू परत येऊ लागली. ती बोलायची तेव्हा जाईबाईंचे डोळे तिच्या तोंडावर खिळलेले असायचे.

गौतम कॉटजवळ आला, "आई, मी आलोय," म्हणाला, की त्या डाव्या हातानं चाचपडत पदर ओढायच्या आणि तोंड झाकून घ्यायच्या.