हरणासाठी हातभर काडतूस

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही! परदेशात राहिला की माणूस शहाणा होतो, असं कुणीतरी म्हणून ठेवलंय. मी इथे इतकी वर्षं काढली आणि परवा कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीने मला पकडलं. कशासकट? दोन हातभर सोनेरी काडतुसांसकट!

थांबा, थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्ही मला भलताच माणूस समजाल. पहिल्यापासून सांगतो.

मी इथे आखातात राहायला अजमानला आणि नोकरीला रास अल खैमाला, सिरॅमिकच्या कारखान्यात. कमोड आणि वॉशबेसिनचे साचे हा माझा विभाग. हसू नका, त्या कमोडांवरच दोन पोरं शिकली! बायको धाकटीच्या कॉलेजसाठी पुण्याला गेली. थोरला निखिल अमेरिकेत, ओहायोला नोकरी करतो. मग फ्लॅटमध्ये उरलो मी आणि माझा रूममेट डॉमनिक. हा वसईचा, एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. मी दारातून आत शिरतो, तेव्हा तो ड्युटीला निघण्यासाठी बूट घालत असतो.

मग संध्याकाळभर मी, एसीची घरघर आणि वरणभात. एका माणसापुरतं वरण करून बघितलंय कधी? होतच नाही हो. कितीही कमी डाळ घ्या, उरतंच. ते उरलेलं वरण फ्रिजमध्ये ठेवताना फार एकटं वाटायचं. आता वरणाने कुणाला रडू येतं का? मला यायचं.

निखिलचा फोन रविवारी. तो इथल्याच शाळेत शिकलेला, त्यामुळे मी मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं.

"जेवलास का?"

"येस बाबा."

"थंडी आहे?"

"अ बिट."

"काम?"

"बिझी. ओके बाबा, बाय."

खलास! आठवड्याचं बोलणं संपलं.

आणि एके दिवशी फॅमिली ग्रुपवर त्याचा मेसेज. हरणाच्या शिकारीसाठी सरळ भिंतीचं काडतूस घ्यायचंय. थ्री-फिफ्टी घ्यावं की फोर-फिफ्टी? सजेस्ट करा.

मी तीनदा वाचला. आमच्या घराण्यात कुणी झुरळसुद्धा मारत नाही, कागदावर घेऊन बाहेर सोडतो! पण खरं सांगू? हरणाचा विचार माझ्या मनात फार वेळ टिकला नाही. पोराने मला सल्ला विचारला होता. बापाला! हरणाचं काय ते हरीण बघून घेईल.

बसलो अभ्यासाला. तर बघा, बंदुकीची बरीचशी काडतुसं सरबताच्या बाटलीसारखी असतात, वर मान निमुळती. त्यांची गोळी लांबच लांब जाते. निखिलकडे सगळा सपाट मुलूख, शेतं आणि घरं जवळजवळ. हरणाला चुकलेली गोळी कुणाच्या तरी ओट्यावर जायची. म्हणून तिथल्या कायद्यात सरळ भिंतीची काडतुसं बसतात, स्टीलच्या पेल्यासारखी खालपासून वरपर्यंत सरळ. त्यांची गोळी दमते लवकर. थ्री-फिफ्टी आणि फोर-फिफ्टी ही त्यातलीच दोन मापं, एक बारीक, एक जाड.

इथे माझ्यातला साचेवाला जागा झाला. सरळ भिंत? अहो, सरळ भिंतीचा माल साच्यातून सुटत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. थोडा उतार लागतोच. उडवल्यावर रिकामं काडतूस बंदुकीत अडकलं तर? मी तडक व्हॉइस मेसेज पाठवला. चांगला लांबलचक.

आणि निखिलचा फोन आला. रविवार नसताना!

"वॉव बाबा, तुम्हाला एवढं माहीत आहे?"

"मग! तू थ्री-फिफ्टी घे. धक्का कमी बसतो. क्रिकेट खेळताना तुझा खांदा निखळला होता, विसरलास?"

"पण बाबा, फोर-फिफ्टी जास्त पॉवरफुल आहे ना?"

पोरगं मराठीत बोललं! त्या दिवशी वरण करपलं तरी आमचं चालूच. मग रोजच फोन यायला लागला. मी म्हणावं थ्री-फिफ्टी, त्याने म्हणावं विचार करतो. दुसऱ्या दिवशी नवी शंका. त्याचं समाधान होईल या भीतीने मीच नवी अडचण काढायचो! कधी वारा, कधी थंडी. मधेच तो सांगायचा, आज बॉसशी वाजलं. मी सांगायचो, आज भट्टी बंद पडली. काडतुसांच्या आडून आमचा संसार चालला होता.

डॉमनिक म्हणाला, "देवधर, तुझं पोरगं त्या हरणाला मारणार कधी? तुम्ही गोळी निवडेपर्यंत ते म्हातारपणाने जायचं."

मग एकदा फोनवर निखिल म्हणाला, "बाबा, दोन्हीतला फरक डोळ्यासमोर येत नाही."

झालं! मी साच्यांचा माणूस. दोन्ही काडतुसांची मॉडेलं केली, दसपट मोठी, व्हिडिओवर नीट दिसावीत म्हणून. कारखान्याच्या भट्टीत भाजली. वर सोनेरी झिलई चढवली. इतकी झकास उतरली की मीच हरखलो. घरी न्यायला गाडीच्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसवली आणि पट्टा लावला, फुटू नयेत म्हणून.

गेटवरचा पठाण रोज मला सलाम करतो. त्या दिवशी त्याने आत वाकून पाहिलं आणि त्याचा हात कपाळापर्यंत पोचलाच नाही.

"साब, ये क्या है?"

माणसाने खोटं बोलू नये, पण इतकं खरं तरी बोलावं का? मी म्हणालो, "गोली है."

"किसके लिए?"

"हिरन के लिए."

त्याने पुन्हा एकदा मागे पाहिलं. "इतना बड़ा हिरन?"

पुढच्या क्षणी गेट बंद, शिट्ट्या, धावपळ! मला मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं. मॅनेजर लेबनानचा, एरवी देवमाणूस. टेबलावर माझी दोन काडतुसं उभी आणि तो मात्र खुर्चीमागे.

"हबीबी," तो म्हणाला, "व्हाय?"

मी सांगितलं, सर, माझा मुलगा अमेरिकेत शिकार करतो, त्याच्यासाठी. त्याला ते पटलं नाही. म्हणाला, लाव फोन, स्पीकरवर.

निखिलकडे सकाळ होती, तो ऑफिसला निघालेला. मी म्हणालो, "बाळा, माझ्या मॅनेजरना सांग, हे काडतुसांचं प्रकरण कुणासाठी आहे ते."

"तुमच्यासाठी, बाबा!"

"माझ्यासाठी?"

मग तो मॅनेजरशी इंग्रजीत बोलायला लागला. तुम्हाला मराठीत सांगतो. "सर, मी शिकार करत नाही. माझ्याकडे बंदूकसुद्धा नाही. तो प्रश्न माझ्या मित्राचा होता, मी चुकून फॅमिली ग्रुपवर टाकला. डिलीट करणार, तेवढ्यात बाबांचा एवढा मोठा मेसेज! जन्मात ते 'जेवलास का'च्या पुढे गेले नव्हते. त्यांना बंदुकांचं इतकं वेड आहे हे मला माहीतच नव्हतं. म्हणून मी रोज काहीतरी शोधून विचारत राहिलो. त्यांना बरं वाटावं म्हणून."

मी तोंड उघडलं. अरे गाढवा, मला कसलं वेड! मी तर तुझ्यासाठी...

तेवढ्यात तो म्हणाला, "प्लीज त्यांना काढू नका, सर. मी तिकीट बुक केलंय. बाबा, सरप्राइज होतं. मी येतोय! तिथल्या शूटिंग रेंजवर घेऊन जाणार तुम्हाला. खरी बंदूक, खरी गोळी!"

बंदुकांत मला काडीचा रस नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मग त्याच्या येण्याला कारण काय उरलं? नुसत्या बापासाठी पोरगं एवढ्या लांब येईल का? मला नव्हतं ते विचारायचं. उत्तराची भीती वाटली, अगदी खरं सांगतो.

"येस सर," मी मॅनेजरला म्हणालो, "वेड माझंच. लहानपणापासूनचं."

मॅनेजरने दोन्ही काडतुसं माझ्याच हातून फोडून घेतली. वर सगळ्या स्टाफसमोर सुरक्षेवर भाषण, आणि भाषणभर बोट माझ्याकडे! आता कारखान्यात मला 'शिकारी' म्हणतात. म्हणू देत. निखिल पुढच्या महिन्यात येतोय, इन्शाल्ला.

अडचण एकच आहे. मला मोठा आवाज सोसत नाही. अजिबात नाही! लक्ष्मीपूजनाला सगळे फटाके उडवतात, तेव्हा मी कानात बोटं घालून बाथरूममध्ये बसतो. खरी बंदूक हातात घेऊन कानात बोटं कशी घालणार, सांगा!

म्हणून सध्या सराव चाललाय. ड्युटीला निघताना डॉमनिक मागून येतो आणि माझ्या कानाशी कागदाची पिशवी फुगवून फोडतो. काल मी किंचाळलो नाही. फक्त सोफ्यामागे गेलो.

डॉमनिकने मला हाताला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, "देवधर, हरीणसुद्धा इतकं दचकत नाही रे!"