तुम्ही आणि तू

देव माझ्यावर रुसला होता की जाऊबाई, तेच मला कळेनासं झालं होतं. छप्पन साली आपला वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी नगरकडची, मिशनच्या शाळामास्तरांची मुलगी. लग्न होऊन गिरडच्या वाटेवरच्या एका गावात आलेली. पहिलं मूल पोटातच गेलं होतं. पुन्हा दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात अंगावरून जाऊ लागलं. हिंगणघाटच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं, पडून राहायचं, कळशीसुद्धा उचलायची नाही. नवरा तिथंच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, शनिवारी घरी यायचा. एका भिंतीपलीकडे थोरली जाऊ राहायची, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणावं तसं, तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

माझं काय चुकलं, हे आठवून आठवून डोकं शिणलं. मी तर मोठ्यांचा मान ठेवणारी. "अहो जाऊबाई, तुम्ही बसा, तुम्ही आधी जेवा," असं उठताबसता चाललेलं. मी जितकी लवायची, तितकं तिचं तोंड फिरायचं. मी अंथरूण धरलं त्याच्या आदल्या रविवारी तर ती देवळात प्रभुभोजनाची भाकरी घ्यायला जागची उठलीच नाही. मनात अढी ठेवून त्या मेजाशी जायचं नाही, ही आमच्यातली रीत. म्हणजे अढी माझ्याबद्दलच! आणि तरी रोज सकाळी माझ्या दाराशी भरलेली घागर ठेवून ती मुकाट्यानं निघून जायची. मी छताकडे बघत पडायची. पोटातलं हललं नाही की जीव घाबरा व्हायचा, हललं की वाटायचं, आता निघालंच हे. प्रार्थनेला शब्दच फुटत नव्हते.

एका दुपारी गिरडच्या दर्ग्याला निघालेली बैलगाडी दाराशी थांबली. म्हाताऱ्यानं बैल सावलीला सोडले आणि त्याची बायको पाणी मागायला आत आली. मी पडल्या पडल्या घागरीकडे बोट केलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "हे पानी कोनं भरलं व माय? तू त उठूनच नाई राह्यली."

"जाऊबाईंनी. पण त्या माझ्याशी बोलत नाहीत," म्हणाले आणि रडूच कोसळलं.

"बोलत नाई अन पानी भरते? तू तिले काय म्हनून हाक मारतं?"

"काय म्हणजे? अहो, तुम्ही म्हणते."

बाई खदखदून हसली. "अवं, तुम्ही त आमच्याकडं पटवाऱ्याले म्हनतेत! आपल्या मानसाले तू. तुवा त तिले परकी करून टाकली."

अगं बाई! ज्याला मी नम्रता समजत होते, त्यानंच तिला उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. पण थोरल्या जावेला अरेतुरे? माझ्या वडिलांनी जीभ हासडली असती. तेवढ्यात कंबरेतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. "अहो जाऊबाई!" मी ओरडले. भिंतीपलीकडे भांडं वाजलं आणि थांबलं. मग मी सगळं गिळलं, वडील, नगर, माझा चांगुलपणा, सगळं. "जाऊबाई, तू ये गं!"

ती पिठाच्या हातांनीच धावत आली.

त्या बाईनं दर्गा राहू दिला आणि गाडी हिंगणघाटकडे वळवायला लावली. "दर्ग्यातला बाबा कुठी पळून नाई चालला," एवढंच म्हणाली. पुढे ती कधी भेटली नाही. नावही विचारायचं राहिलं. गाडीत जाऊबाईनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्यावरच खेकसली, "देवाले तू म्हनतं, अन मले तुम्ही? मी का देवापेक्षा मोठी हाय व?"

मुलगी झाली. मुठीएवढी होती, पण रडली. आजही त्या बैलगाडीबद्दल प्रभूचे उपकार मानल्याशिवाय माझा दिवस मावळत नाही. खाली वाकणं सोपं असतं, हे मी तेव्हा शिकले; वाकण्याची आपली रीतसुद्धा सोडून देणं अवघड.

त्या दिवशी गाडीत, वाटेत एकदा कळ सोसवेना, तेव्हा मी डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून प्रार्थना निघाली. "आता तूच बघ."

"पाहून राह्यली ना, माय," जाऊबाई म्हणाली.

तिला वाटलं, मी तिच्याशीच बोलतेय. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.